कोकणातल्या रणभूमी जपायच्या कशा? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

२०२५ साली मराठा लष्करी स्थापत्य जागतिक वारशाच्या यादीत आलं आणि तेव्हापासून "लढाई झाली ती जागा नक्की कुठे, ती कोण सांभाळतं, आम्ही काय करू शकतो" असे मेसेज सारखे येतायत. वसईपासून मालवणपर्यंतची मंडळी जे विचारतात तेच इथे एकत्र केलंय. आधी साधे प्रश्न आहेत, पुढे पुढे गुंतागुंतीचे.

१. रणभूमी म्हणजे किल्लाच ना? मग वेगळं काय जपायचं?

किल्ला हा रणभूमीचा एक भाग झाला, सगळी रणभूमी नाही. अलिबागजवळच्या थळसमोरचं खंदेरी बेटच बघा. १६७९ च्या पावसाळ्यात महाराजांनी बेटावर बांधकाम सुरू केलं, मायनाक भंडारी बेटावर, दौलतखान आरमार घेऊन मदतीला, आणि मुंबईकर इंग्रजांनी जहाजं आणून बेटाला वेढा घातला. पण मराठ्यांच्या छोट्या होड्या रात्री अंधारात, उथळ पाण्यातून, इंग्रजांच्या मोठ्या जहाजांना चुकवून माणसं नि सामान पोचवत राहिल्या आणि १८ ऑक्टोबरला उघड्या समुद्रात मोठी झुंज झाली. आता सांगा, ही लढाई कुठे झाली? तटावर नाही झाली, ती थळचा किनारा आणि बेट यांच्यामधल्या पाण्यात झाली. ते पाणी, किनाऱ्यावरची होड्या लागायची जागा, तिथून बेट दिसतं तो मोकळा पट्टा, हे सगळं त्या लढाईचं मैदान आहे. आपण तटबंदीला कुंपण घालतो आणि मधली जागा विसरतो, आमचं सगळं म्हणणं त्या मधल्या जागेबद्दल आहे.

२. कोकणात अशा जागा कुठे कुठे आहेत?

पुष्कळ आहेत, सगळ्या इथे मावणार नाहीत. चौलच्या बंदरात १५०८ ला पोर्तुगीज आणि इजिप्त-दीवच्या आरमाराची लढाई झाली, त्यात पोर्तुगीज व्हाइसरॉयचा मुलगा लोरेन्सो मारला गेला. शेजारी रेवदंड्याला १५७०-७१ मध्ये निजामशाहीचा वेढा पडला, समोर कोर्लई आहेच. खोपोलीकडे चावणीजवळ उंबरखिंड, जिथे फेब्रुवारी १६६१ मध्ये महाराजांनी मुघल सरदार कारतलबखानाची फौज दाट जंगलात कोंडली. अलिबागच्या कुलाब्यावर १७२१ ला इंग्रज आणि पोर्तुगीज मिळून चालून आले आणि हात हलवत परत गेले. वसईची मोहीम १७३७ ते ३९, चिमाजीअप्पांची. मग सुवर्णदुर्ग १७५५ आणि विजयदुर्ग १७५६, ज्यात आंग्र्यांचं आरमार जळालं आणि दुःख हे की त्या दोन्ही वेळी पेशवे इंग्रजांच्या बाजूने होते. कसबा संगमेश्वर पण यात धरा, १६८९ ला संभाजी महाराज पकडले गेले ती जागा, तिथे मोठी लढाई झाली नाही पण इतिहास तिथेच फिरला.

३. आमच्या गावात लढाई झाली असं म्हातारी माणसं सांगतात. खरंच झाली का हे कळणार कसं?

तीन बाजूंनी बघायचं. एक, कागद. पुण्याच्या पुराभिलेखागारात पेशवे दफ्तर आहे, गोव्यात पोर्तुगीजांचे कागद आहेत, इंग्रजांच्या मुंबई-सुरत वखारींची पत्रं छापलेली मिळतात. खंदेरीची लढाई आज जवळजवळ दिवसवार सांगता येते ती मुंबईचे इंग्रज सुरतेला सारखी पत्रं लिहीत होते म्हणून. अर्थात ती त्यांच्या बाजूने लिहिलेली आहेत, हे लक्षात ठेवूनच वाचायची.

दुसरी बाजू जमिनीची. तोफगोळे, बुरुजाचे पाये, मोर्चाचे चर, वीरगळ म्हणजे लढाईत पडलेल्या वीराच्या आठवणीचा कोरीव दगड.

तिसरी बाजू नावांची आणि हीच सगळ्यात वेगाने जातेय. शेताला, खडपाला, पाखाडीला जुनी नावं असतात, तोफेचा माळ, चौकीची घाटी असली. सातबाऱ्यावर फक्त गट नंबर उरतो, जमीन विकली जाते, प्लॉट पडतात आणि नाव सांगणारा माणूस गेला की नाव पण गेलं. म्हणून आम्ही प्रत्येकाला सांगतो की पहिलं काम हेच करा. गावातल्या जुन्या तांडेलाजवळ म्हणजे होडीच्या म्होरक्याजवळ, गुराख्याजवळ बसा, मोबाईलवर रेकॉर्डिंग लावा आणि त्यांना "लढाईचं सांगा" असं विचारू नका, कारण मग ते शाळेत ऐकलेलंच सांगतात. "या खडपाला काय म्हणता, इथे होडी कुठल्या वाऱ्यात लागते, ओहोटीला कुठून चालत जाता येतं" असं विचारा. त्यातून जे निघतं ते कुठल्याच दफ्तरात नसतं. नंतर नकाशावर ती नावं टाकून ग्रामपंचायतीत एक प्रत ठेवा.

४. कायदा काय म्हणतो?

केंद्र संरक्षित स्मारकाला १९५८ चा कायदा लागतो, राज्य संरक्षित असेल तर महाराष्ट्राचा १९६० चा. केंद्राच्या कायद्यात २०१० ला दुरुस्ती झाली, त्यानुसार संरक्षित हद्दीपासून १०० मीटर हा प्रतिबंधित भाग, तिथे नवीन बांधकाम नाही, आणि त्यापुढचे २०० मीटर नियंत्रित भाग, तिथे परवानगी घेऊन. स्मारकाची नासधूस केली तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. कुलाबा, जंजिरा, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग, वसई हे केंद्राकडे, खंदेरी राज्याकडे.

अडचण अशी की हे अंतर संरक्षित वास्तूच्या हद्दीपासून मोजतात आणि वर पहिल्या प्रश्नात म्हटलं तसं लढाई वास्तूच्या बाहेर झालेली असते. विजयदुर्गाचा तट संरक्षित आहे पण ज्या खाडीत आरमार जळालं त्या खाडीला "रणभूमी" म्हणून वेगळं संरक्षण नाही. किनाऱ्याबाबत थोडा आधार सीआरझेडचा, म्हणजे किनारा नियमन क्षेत्राच्या नियमांचा मिळतो, २०१९ च्या अधिसूचनेत पुरातत्त्वीय महत्त्वाच्या वास्तू आणि वारसास्थळं सर्वात कडक म्हणजे सीआरझेड एक-अ मध्ये धरलीत.

५. माझ्या आंब्याच्या बागेत जुना बुरूज आहे. कळवलं तर जमीन सरकार घेईल का?

ही भीती सगळ्यांना असते आणि तिच्यापायी किती तरी बुरूज गुपचूप गडग्याच्या दगडात गेलेत. नुसतं कळवलं म्हणून जमीन जात नाही. केंद्राला एखादी जागा संरक्षित करायची असेल तर आधी नोटीस काढावी लागते आणि हरकत घ्यायला दोन महिने मिळतात. संरक्षित झाल्यावरही मालकी तुमच्याकडे राहू शकते, मालकाशी करार करून देखभाल ठरवायची सोय कायद्यातच आहे.

पण खोटं सांगणार नाही, केंद्र संरक्षित झालं तर १०० मीटरच्या आत नवीन घर किंवा होमस्टे बांधता येणार नाही आणि जुन्या घराच्या दुरुस्तीलाही परवानगी लागेल. ज्याची सगळी जमीनच वीस-पंचवीस गुंठे आहे त्याच्यावर हा मोठा बोजा आहे आणि आम्हाला वाटतं त्याला भरपाई किंवा काही तरी मोबदला मिळायला पाहिजे, नाहीतर आपण वारशाची किंमत एकट्या शेतकऱ्याकडून वसूल करतोय असं होतं. तोपर्यंत निदान एवढं करा, बुरुजाचे फोटो, मापं, गट नंबर लिहून ठेवा, बुरुजाचा दगड बागेच्या कामाला काढू नका आणि बागेला जेसीबी लावाल तेव्हा त्याला तेवढा भाग सोडायला सांगा.

६. गावाने वर्गणी काढून पडलेली भिंत सिमेंटने बांधली तर चालेल का?

नाही, कृपा करून नको. संरक्षित वास्तू असेल तर तो गुन्हा आहेच पण नसली तरी नको. आपल्याकडचा जांभा सच्छिद्र दगड, त्यात खारं पाणी शिरतं आणि वाळताना बाहेर पडतं. वरून सिमेंट मारलं की त्याला बाहेर पडायची वाट राहत नाही, मीठ आत साठतं, त्याचे खडे होतात आणि दगडाचे पापुद्रे सुटायला लागतात. दोन-चार पावसाळे भिंत छान दिसते, मग सिमेंट तसंच राहतं आणि त्याच्या मागचा दगड पिठासारखा हाताला लागतो. जुने लोक चुना वापरायचे, किनाऱ्यावर शिंपल्यांचा चुना भाजायचे, चुन्याच्या घाण्यात मळायचे, त्यात गूळ, हिरडा, बेलफळ घालायचे. तो चुना दगडापेक्षा मऊ राहतो, झिजला तर तो झिजतो, दगड वाचतो.

कुलाब्याला तर बाहेरच्या तटात मोठे चिरे नुसते एकावर एक रचलेत, मधे चुना पण नाही, लाट आली की पाणी फटीतून शिरतं आणि तिचा जोर मोडतो. अशा फटी "भरून देतो" म्हणून कोणी आला तर त्याला हात जोडून परत पाठवा.

आणि अजून एक, पडझड सगळीच पडझड नसते. विजयदुर्गाच्या तटावर तोफगोळ्यांच्या माऱ्याच्या खुणा दाखवतात, दगडात बशीएवढे खड्डे पडलेत, हात फिरवला की कड लागते. तो खड्डा म्हणजे लढाईचा कागद आहे, तो लिंपून गुळगुळीत करायचा नाही.

७. आमचा ग्रुप श्रमदान करणार आहे. काय काळजी घ्यायची?

आधी लेखी परवानगी, केंद्राचं असेल तर पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून, राज्याचं असेल तर पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाकडून, वनखात्याची जमीन असेल तर त्यांच्याकडून पण. मग प्लास्टिक, बाटल्या उचला, पायवाट मोकळी करा, गवत विळ्याने कापा. गवत जाळायचं नाही, आगीने दगड तडकतो. तटाच्या पायाशी कुदळ-फावडं चालवायचं नाही, पडलेला चिरा जिथे पडलाय तिथेच ठेवायचा कारण तो कुठल्या बाजूला पडलाय यावरून भिंत आतून कोसळली की बाहेरून मारा झाला हे तज्ज्ञ सांगू शकतात. टाक्यातला गाळ काढायचा असेल तर तो थरांनी काढावा लागतो, ते जाणकार माणूस असल्याशिवाय करू नका. आणि मशाल महोत्सव करणाऱ्यांना विनंती, तेल सांडतं ते जांभ्यात मुरतं आणि निघत नाही, लायटिंगसाठी खिळे ठोकलेत ते पण गंजून दगड फोडतात.

८. तटात उगवलेलं वड-पिंपळाचं झाड उपटायचं का?

उपटू नका, मुळं दगड घेऊन बाहेर येतील. लहान रोप बोटभर असतानाच काढलं तर ठीक. मोठं झालं असेल तर फांद्या कापून वजन कमी करायचं आणि मुळाचा बंदोबस्त पुरातत्त्वच्या माणसाच्या देखरेखीखाली हळूहळू करायचा. झाडाला गावाची पूजा असेल तर आधी गावकऱ्यांशी बोला.

९. नांगरताना किंवा जाळ्यात तोफगोळा, जहाजाचा नांगर, नाणी असं काही आलं तर?

जमिनीत पुरलेलं, दहा रुपयांवर किमतीचं काही सापडलं तर १८७८ च्या निखात निधी कायद्याने जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं, लपवलं तर गुन्हा. तहसीलदाराकडे लेखी अर्ज देऊन पोच घ्या. शंभर वर्षांवरच्या वस्तूंच्या खरेदी-विक्रीवर १९७२ च्या पुरावस्तू कायद्याची बंधनं आहेत, त्यामुळे भंगारवाल्याला किलोवर घालू नका.

समुद्रातून आलेल्या वस्तूचं वेगळं आहे. लोखंड शंभर-दोनशे वर्षं खाऱ्या पाण्यात राहिलं की बाहेर काढून उन्हात ठेवल्यावर तडकतं आणि पापुद्रे सुटून गळून पडतं, लाकूड असेल तर आकसून वाकडं होतं. म्हणून वाळू द्यायचं नाही. ड्रममध्ये समुद्राचंच पाणी घालून त्यात बुडवून ठेवा, वर झाकण, घासायचं खरवडायचं नाही, चिकटलेले शिंपले पण तसेच राहू देत. जाळं कुठे टाकलं होतं ते मोबाईलच्या जीपीएसवर किंवा तांडेलाच्या खुणांनी लगेच लिहून ठेवा, संध्याकाळपर्यंत विसरायला होतं.

१०. मेटल डिटेक्टर घेऊन शोधलं तर पुरावा मिळेल ना? त्यात वाईट काय?

पुरावा मिळतो तो वस्तू आणि तिची जागा दोन्ही मिळून. अमेरिकेत लिटल बिगहॉर्न म्हणून १८७६ ची रणभूमी आहे, तिथे १९८३ ला वणव्याने माळ मोकळा झाला, मग पुरातत्त्व संशोधकांनी मेटल डिटेक्टरने प्रत्येक गोळी, प्रत्येक काडतुसाची जागा नकाशावर मांडली आणि कोण कुठून कुठे सरकलं ते बरंचसं उलगडलं. हीच काडतुसं कुणी हौसेने खिशात घालून नेली असती तर काय कळलं असतं? उंबरखिंडीसारख्या ठिकाणी अजून असा शिस्तशीर शोध घ्यायला वाव आहे आणि आज कुणी हौशी माणसाने चार वस्तू उकरून नेल्या तर उद्याच्या संशोधकाला रिकामी भोकं मिळतील. संरक्षित जागेत विनापरवाना उकरणं बेकायदेशीरही आहे. सापडलेल्या वस्तूचं काय करायचं ते प्रश्न ९ मध्ये.

११. किल्ल्यावरच्या तोफांना रंग देऊन चौथऱ्यावर बसवलं तर छान दिसेल ना?

ऑइलपेंट नको, गंज आतून वाढतो. चौथरा किंवा लाकडी गाडा करायचा असेल तर पुरातत्त्वच्या संमतीने करा आणि हलवण्याआधी तोफ कुठे, कुठल्या दिशेला तोंड करून होती ते नोंदवा.

पण तोफ वाचा पण! कुलाबा किल्ल्यावर चाकांच्या गाड्यावरच्या दोन तोफा आहेत, सगळे तिथे फोटो काढतात आणि "कान्होजींच्या तोफा" म्हणून टाकतात. जवळ जाऊन बघितलं तर त्यांच्यावर इंग्लंडमधल्या यॉर्कशरच्या लो मूर कारखान्याचं नाव आणि १८४९ साल आहे. कान्होजी आंग्रे १७२९ ला वारले आणि आंग्र्यांचं संस्थानही १८४९ च्या आधीच कंपनीने खालसा केलं होतं. म्हणजे त्या तोफा त्या लढायांच्या नाहीतच. त्यावर रंगाचे थर चढले असते तर ही अक्षरं दिसली नसती आणि चुकीची माहिती कायमची पक्की झाली असती.

१२. वीरगळाला गाव देव मानतं, शेंदूर लावतं. थांबवायचं का?

थांबवायला जाऊ नका, पूजा चालू आहे म्हणूनच तो दगड आजवर पायरीत गेला नाही. फक्त थर जाड झाला की कोरीवकाम दिसत नाही, म्हणून पुजाऱ्याशी बोलून पुढच्या बाजूचे पट्टे मोकळे ठेवता आले तर बघा. घासून काढणं, ऑइलपेंट, टाइल्सचं मखर एवढं टाळा. बोरिवलीजवळच्या एकसरचे वीरगळ बघून या, त्यावर वल्ही मारणारी जहाजं आणि आरमारी युद्ध कोरलंय, अभ्यासक ते शिलाहार-यादवांच्या तेराव्या शतकातल्या लढाईचं मानतात. कोकणच्या समुद्रातल्या लढाईचं इतकं जुनं चित्र दगडावर आहे आणि लोक त्याच्या बाजूने रिक्षा काढत जातात.

१३. विजयदुर्गाची पाण्याखालची भिंत बघायला डायव्हिंग करता येईल का?

ती भिंत म्हणजे नुसती दंतकथा नाही, गोव्याच्या राष्ट्रीय समुद्र विज्ञान संस्थेच्या संशोधकांनी पाण्यात उतरून मोजमाप केलंय, लांबी साधारण १२२ मीटर. गावात सांगतात की शत्रूची जहाजं तिच्यावर आपटून फुटायची. हौसेखातर तिथे उतरणं, नांगर टाकणं नको. त्यापेक्षा वाघोटन खाडीतली आरमाराची गोदी बघा, खडक फोडून केलेली, जहाजं दुरुस्तीला आत घ्यायची जागा. आज तिथे गाळ भरलाय आणि माहिती नसेल तर माणूस बाजूने निघून जाईल. किल्ला बघायला येणाऱ्यांपैकी फार थोडे तिथे जातात, आणि आरमार कसं चालायचं हे तर तिथेच कळतं.

१४. किनाऱ्यावर जेट्टी, रस्ता, रेती उपसा येतोय. विरोध करायचा का?

सरसकट नको. जेट्टी कोळ्यांच्या पोटाची गोष्ट आहे, पावसात बेटावर जाता येत नाही तिथल्या माणसांना ती हवीच. प्रश्न जागेचा असतो, पाच-पन्नास मीटर इकडे तिकडे केल्याने जुना धक्का, बुरूज, होड्या लावायची पुळण वाचत असेल तर ते आराखडा कागदावर असतानाच सांगायला पाहिजे. ग्रामसभेत ठराव घ्या, जनसुनावणी असेल तर लेखी हरकत द्या, सोबत प्रश्न ३ मधल्या नावांचा नकाशा जोडा. सक्शन पंपाने होणाऱ्या रेती उपशाबाबत मात्र आम्ही स्पष्ट विरोधात आहोत, त्याने खाडीचा तळ उपसला जातो, काठ ढासळतात आणि तळाशी जे काही शतकानुशतकं पडून असेल ते रेतीबरोबर ट्रकमध्ये जातं. तक्रार तहसीलदार आणि जिल्हाधिकाऱ्यांकडे, फोटोवर तारीख-वेळ येऊ दे.

१५. जागतिक वारसा झाल्यामुळे मासेमारी बंद होणार का?

यादीत नाव आलं म्हणून मासेमारी बंद, असा नियम नाही. युनेस्को मालक होत नाही, आपलेच कायदे लागू राहतात. यादीतल्या बारा किल्ल्यांपैकी रायगड, खंदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग हे पाच कोकणातले. आमचं मत विचाराल तर कोळी, गाबीत, भंडारी समाजाची होडी त्या पाण्यात चालत राहणं हाच त्या रणभूमीचा जिवंत भाग आहे, व्यवस्थापनाच्या बैठकीत तांडेलांना खुर्ची मिळाली पाहिजे.

१६. पोर्तुगीजांच्या, सिद्दीच्या, इंग्रजांच्या जागा कशाला जपायच्या?

कारण लढाईला दोन बाजू असतात. जंजिऱ्यावरून काय दिसतं ते बघितल्याशिवाय महाराजांनी समोरच पद्मदुर्ग का उभारला हे कळत नाही. रेवदंड्याचा सातखणी मनोरा, मुरूडजवळ खोकरीचे सिद्दींचे घुमट, वसईच्या आतली चर्चेस, हे पाडून आपल्या पूर्वजांचा पराक्रम मोठा होत नाही. वसईचा तट किती भक्कम होता हे डोळ्यांनी दिसतं म्हणूनच चिमाजीअप्पांच्या माणसांनी सुरुंग लावून तो कसा फोडला असेल याचा अंदाज येतो.

१७. लढाईची नक्की जागा आमचीच, असं दोन गावं म्हणतात. बोर्ड कुठे लावायचा?

बोर्डाची घाई करू नका. लढाई एका ठिपक्यावर होत नाही, फौज घाटातून उतरते, ओढ्याला पाणी पिते, कुठे तरी अडते, पळते, त्यामुळे दोन्ही गावं खरं बोलत असण्याची शक्यता भरपूर. दोन्हीकडची नावं, वाटा, वीरगळ एकाच नकाशावर टाका, दोन्ही ग्रामपंचायतींचे एकसारखे ठराव करून पुरातत्त्व संचालनालयाला एकत्र पाठवा. बोर्ड लावायचाच असेल तर वाटेच्या फाट्यावर, गावाच्या हद्दीबाहेर, आणि त्यावर कागदात काय आहे आणि गाव काय सांगतं हे वेगवेगळं लिहा. खिंडीत सिमेंटचा पाया खणून लावू नका.